यमक न लागलेली ओळ

आधीच सांगून टाकते, मी कवयित्री वगैरे नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ-ब-क-ड असे वर्ग पाडतात ना, त्यातला आमचा 'ब', पुस्तकं बऱ्यापैकी, पंखे दोन, त्यातला एक चालतो. हे प्रकरण सविस्तर लिहून काढायचं कारण एवढंच की दरवर्षी तीन-चार पोरंपोरी वही घेऊन माझ्या टेबलाशी येतात, "मॅडम, वाचून खरं खरं सांगा" म्हणतात, आणि इतकी वर्षं मी सगळ्यांना एकच उत्तर देत आले, छान आहे, लिहीत राहा. माझ्या शाळेतल्या बाईंनी मला हेच सांगितलं होतं, मी काही लिहीत राहिले नाही ही गोष्ट वेगळी. या एका मुलीला ते उत्तर दिलं नाही, आणि पुढे जे झालं त्यात माझ्या चुकाच तीन निघाल्या. मुलीचं, गावाचं, शाळेचं नाव लिहीत नाही, तिच्या ओळी टाकल्यात त्या तिला आणि तिच्या आईला विचारून.

मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. घरची दोन एकर केळी आणि थोडी बटाईची जमीन. आमच्याकडून नेहमी बारीक कादंबऱ्या नेणारी, वेळेवर परत आणणारी, पान दुमडणाऱ्यांवर चिडणारी. एका शनिवारी दुपारी, वाचनकक्षात फक्त पेपरवाले दोन आजोबा असताना, तिने दोनशेपानी वही टेबलावर ठेवली. प्लास्टिकचं कव्हर, पहिल्या पानावर सरस्वती, आत 31 कविता, प्रत्येकीखाली तारीख आणि सही. टोपणनावसुद्धा घेतलेलं, ते सांगत नाही पण त्यात समुद्र होता.

मला खरी गंमत वाटली ती शेवटच्या पानाची. तिथे पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता, कोणी वाचलं आणि काय म्हणालं. आत्या – छान. मामा – खूप छान. फॅमिली ग्रुप – 14 अंगठे, 3 नमस्कार. शाळेतले सर – शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. पप्पांचे मित्र – आमच्या गावची बहिणाबाई. आणि सगळ्यात खाली, भावाच्या मोबाईलमधलं एआयवालं ॲप – अत्यंत हृदयस्पर्शी व प्रगल्भ अभिव्यक्ती. त्या ॲपने वर एक सुधारित कविताही करून दिली होती, त्यात सोनेरी क्षितिज दोनदा आलं होतं.

"सगळेच छान म्हणतात," ती म्हणाली, "मग 31 मधली नापास कोणती? नापास एक तरी असेलच ना."

तेरा वर्षांच्या पोरीला आपल्या कवितेतली नापास कविता शोधून पाहिजे होती हे ऐकून मी जरा सावरूनच बसले. तिला कौतुक नको होतं असं नाही, कौतुक कोणाला नको असतं, पण 31 पैकी 31 पास म्हणजे पेपर कोणी तपासलेलाच नाही हे तिच्या बरोबर लक्षात आलं होतं. मी म्हटलं आठवडा दे.

बहिणाबाईबद्दल इथेच बोलून घेते, कारण आमच्या जिल्ह्यात हा एक वेगळाच त्रास आहे. बहिणाबाई चौधरी इथल्याच, आसोद्याच्या, 1880 चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, कविता छापून आल्या त्या 1952 साली, त्या गेल्यानंतर वर्षभराने. 2018 पासून विद्यापीठाला पण त्यांचंच नाव आहे. त्यामुळे कोणत्याही पोरीने चार ओळी जुळवल्या की ती गावची बहिणाबाई होते. आणि मुलगा असेल तर बालकवी, कारण ते पण इथलेच, धरणगावचे, आणि 1907 मध्ये जळगावलाच कविसंमेलन भरलं त्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ती पदवी मिळाली. कौतुक म्हणून ठीक आहे पण विचार करा, आठवीतल्या मुलीला बहिणाबाई म्हटलं की तिच्या कवितेबद्दल एक अक्षर बोलायची गरजच संपते. तक्त्यातल्या त्या ओळीपुढे तिने स्वतः पेन्सिलने लिहिलं होतं, "यांनी वाचली नाही".

मी वाचली कशी ते सांगते, कारण ही एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी जमली. लाल पेन हातात घेतलाच नाही. शिसपेन्सिल घेतली आणि दोनच खुणा ठरवल्या. जिथे वाचताना आपोआप थांबले तिथे समासात टिंब. जिथे पुढचा शब्द वाचायच्या आधीच कळला तिथे नागमोडी रेघ. शुद्धलेखन बघायचंच नाही, ते सरांनी बघितलंय. चांगलं-वाईट पण ठरवायचं नाही, मी वाचताना माझं काय झालं तेवढंच नोंदवायचं. 31 कविता झाल्या तेव्हा नागमोडी रेघा इतक्या होत्या की समासाला झालर लावल्यासारखी दिसत होती, आणि टिंबं एकूण पाच.

नागमोडीचं कारण यमक. मन आलं की पुढे क्षण येणार, नाती आली की माती, स्वप्न आलं की ते दूर वाहून जाणार. सागरावर सात कविता होत्या. मी तिच्या आईला नंतर विचारलं तर पोरीने समुद्र पाहिलेलाच नाही, सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते तापीचं, हतनूर धरणावर. पाहिल्याशिवाय लिहू नये असं माझं म्हणणं नाही हं, पण तिच्या सागरात पाणीच नव्हतं, नुसता किनारा होता आणि किनाऱ्यावर एकटी कोणीतरी उभी.

पाच टिंबांपैकी एक मात्र असं होतं की मी वही मिटून ठेवली आणि चहा करायला उठले. 'बळीराजा' नावाची कविता, वीस कडवी, पोशिंदा, घामाचे मोती, काळी आई, सगळं जागच्या जागी. आणि चौदाव्या कडव्यात अचानक हे:

वारा गेला. बाबा उभे.
बाकी सगळं आडवं.

पुढच्या कडव्यात परत घामाचे मोती चालू.

ज्यांनी केळीची बाग वादळानंतर पाहिली नसेल त्यांना या ओळीत काय आहे ते कदाचित पटकन दिसणार नाही. केळ म्हणजे झाड नव्हेच खरं तर, पानांच्या देठांच्या गुंडाळीचं पाणीदार खोड, त्यावर वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला. मृगबाग जून-जुलैत लावतात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये, घड भरलेले असतात, काहींची कापणी लागलेली असते, आणि नेमकं तेव्हाच आमच्याकडे वळवाचं वादळ येतं. पाच-दहा मिनिटांचं काम. पुरुषभर उंच बाग, जिच्यात शिरलं की शेजारचा माणूस दिसत नाही, ती झोपते. आणि मग मधोमध उभ्या असलेल्या माणसाला लांबचा रस्ता, विहीर, दुसऱ्याचं घर सगळं दिसायला लागतं. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा तो पण हाच शब्द वापरतो, इतकी खोडं आडवी. पोरीने तो तिथून उचलला असणार. म्हणजे शब्द सरकारी आणि जागा अशी की अंगावर काटा आला.

पुढच्या शनिवारी ती आली. पेपरवाले आजोबा तिथेच. मी त्या पानावर बोट ठेवून म्हटलं की ही ओळ. तिचा चेहरा पडला. "ती जमली नाही मॅडम. आडवं ला यमकच सापडलं नाही, गाढव येत होतं. नंतर बदलणार होते."

म्हणजे 31 कवितांमधली जी एक ओळ तिची होती तिलाच ती नापास समजत होती. मला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं.

मी तिला बोटांवर मोजायला लावलं. वा-रा-गे-ला-बा-बा-उ-भे, आठ. बा-की-स-ग-ळं-आ-ड-वं, आठ. लहान अभंगाचं माप हेच, आठ-आठ अक्षरं. मोठा अभंग असतो तो सहा-सहा-सहा-चार. यमक नाही, पण माप अगदी काटेकोर, आणि ते तिने मोजून केलेलं नव्हतं, कानाने केलेलं होतं. गावात भजनी मंडळ आहे, आजी दर एकादशीला घेऊन जाते, कान तिथे तयार झाला असणार. बाकीच्या कडव्यांत मात्र यमक गाठायच्या नादात एका ओळीत नऊ आणि दुसरीत चौदा अशी ओढाताण. हे तिला दाखवलं तर तिने पुढची दहा मिनिटं वहीतल्या सगळ्या ओळी मोजून काढल्या, ओठ हलवत. खरं सांगते, त्या दहा मिनिटांत मला माझ्या नोकरीत जितकं बरं वाटलं तितकं फार कमी वेळा वाटलंय.

मग विचारलं, घरी वडलांना काय म्हणतेस?

"पप्पा."

"मग कवितेत बाबा कुठून आले?"

"कवितेत पप्पा कसं लिहिणार मॅडम! कविता आहे ना ती."

म्हटलं मोजून बघ, पप्पा पण दोनच अक्षरं, कुठे बिघडत नाही. ती मोजून म्हणाली बसतं, पण चांगलं नाही दिसत. त्यावर मी जोर केला नाही. झाडं किती होती विचारलं, कारण कवितेत 'हजारो वृक्ष' होते. साडेतीन हजार, ती ताडकन म्हणाली, दोन एकरांत, 5 बाय 5 फुटांवर लावली तर एकरी सतराशेच्या वर बसतात. आकडा तोंडपाठ होता पण कवितेत घातला नव्हता, कारण तो हिशोबातला. केळीच्या चिकाचे डाग विचारले तर म्हणाली पप्पांच्या सगळ्या शर्टांवर आहेत, काळपट, धुवून जातच नाहीत, आई शेतातले शर्ट वेगळे भिजवते. ते पण कवितेत नव्हतं. "ते घाण आहे ना."

इथपर्यंत बरं चाललं होतं, आणि म्हणूनच बहुतेक माझा पाय घसरला. उत्साहाच्या भरात मी म्हटलं, हे बघ, बाकीची 19 कडवी काढून टाक, ही एकच ठेव. तीस कविता विसर, ही एक ओळ म्हणजे तुझी कविता.

माझं म्हणणं आजही मला चूक वाटत नाही. पण दोन वर्षांची वही घेऊन आलेल्या मुलीला त्यातल्या सोळा अक्षरांखेरीज सगळं टाक असं सांगणं म्हणजे तिला ऐकू काय येणार? ती हो मॅडम म्हणाली, वही पिशवीत घातली, नेहमी एक पुस्तक न्यायची ते न नेता गेली. आणि तीन आठवडे आलीच नाही.

आता दुसरी चूक, जी खरं तर पहिली होती. वहीत सत्ताविसाव्या पानावर 'मी नसेन तेव्हा' नावाची कविता होती. मी नसेन तेव्हा फुले वाहू नका, रडू नका, वगैरे. नागमोडी रेघा भरपूर, म्हणजे कविता म्हणून सगळी उसनी. वाचताना पोटात गोळा आला होता, पण मी काय केलं, तर त्या पानावर खूणच केली नाही आणि बोलण्यातही ते पान टाळलं. म्हटलं आधी कवितेचं बोलू, हे पुढच्या खेपेला हळूच काढू. पुढची खेप आलीच नाही ना. पहिल्या आठवड्यात वाटलं परीक्षा असेल. दुसऱ्या आठवड्यात रात्री दोनला जाग यायला लागली. मी एका पोरीला अक्षरं मोजायला शिकवत बसले आणि जे विचारायला पाहिजे होतं तेच विचारलं नाही. क्रम उलटा पाहिजे होता. अशी कविता दिसली की आधी सरळ विचारायचं, बाई तुला स्वतःला असं वाटतं का, जीव नकोसा होतो का, याच शब्दांत, आडून नाही. विचारल्याने डोक्यात भरतं ही आपली समजूत चुकीची आहे. आणि उत्तर हो आलं तर कविता बाजूला, आईवडलांना सांगायचं, पोरीला एकटं सोडायचं नाही, 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करायचा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मला हे सगळं माहीत होतं, नंबर आमच्या नोटीस बोर्डावर मीच लावलाय.

तिसऱ्या आठवड्यात सभासद कार्डावरचा पत्ता काढून घरी गेले. निमित्त पुस्तकाचं. आई होती, मुलगी गच्चीवर पापड वाळत घालत होती. मी वर गेले आणि जिना चढल्या चढल्या धाप लागलेली असतानाच विचारून टाकलं, जे आधी विचारायचं होतं ते.

ती आधी हसली. "नाही हो मॅडम! ते मैत्रिणीच्या स्टेटसवर होतं, मी त्याचं यमक केलं." मी हसले नाही, तशीच बसून राहिले, पापडावर कपडा टाकायला तिला मदत केली. मग थोड्या वेळाने पापडाकडे बघतच ती म्हणाली, "मला नाही वाटत तसं. मला पप्पांचं वाटायचं."

वादळानंतर दोन दिवस वडील जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी आईने आणि हिने मिळून फवारणीची सगळी औषधं गोणीत घालून शेजारच्या काकांकडे नेऊन ठेवली, वडलांना सांगितलं की उंदीर झालेत म्हणून गोठा साफ केला. ही रोज शाळेतून आली की आधी बांधावर जाऊन बघायची, पप्पा आहेत का. हे तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं, आईलाही वाटायचं पोरगी हवा खायला जाते. तेव्हा मला कळलं की 'बाबा उभे' म्हणजे काय. मी आपली ते केळीच्या उंचीवरनं समजून घेत होते.

खाली येऊन आईशी बोलले, मुलीच्या परवानगीने. वडील आता कसे आहेत विचारलं, तर बरे आहेत म्हणाली, फळपीक विम्याचे थोडे पैसे आले, परत लागवड केली, पण त्यांच्याशी यावर कोणी बोललं नाही अजून. टेलिमानसचा नंबर त्यांच्याही कॅलेंडरवर लिहून आले. पोरीला सांगितलं की 19 कडवी काढ म्हणाले ते चुकलं, वही तुझी आहे, एकही पान फाडायचं नाही, नवीन लिहायचं असेल तर नवीन पानावर. ती म्हणाली की राग नव्हता आला, पण त्या ओळीनंतर काही लिहिलं की सगळं खोटंच वाटत होतं. तीन आठवडे तिने एक ओळ लिहिली नव्हती. माझ्या प्रामाणिक मताचा हा झालेला परिणाम, तो पण नोंदवून ठेवते.

तिसरी चूक शाळेची म्हणून सांगता आली असती पण आहे माझीच. शाळेचे मराठीचे सर वाचनालयात आले तेव्हा मी कौतुकाने त्यांना ती ओळ म्हणून दाखवली, मुलीला न विचारता. सर खूश झाले, हस्तलिखितासाठी तिच्याकडून कविता मागून घेतली, आणि छान वळणदार अक्षरात जी लागली ती अशी:

वारा गेला, बाबा उभे
नभी नवी आशा शोभे

बघा मोजून, हे पण आठ-आठ. यमकासकट. मापात सरांचं काहीच चुकलेलं नाही, माझ्या शिकवणीप्रमाणे तर ही ओळ मूळ ओळीपेक्षा जास्त मार्कांची आहे! सरांवर राग काढणं सोपं आहे, पण त्यांचा हेतू साधा होता, मुलांनी वाचायचं तर शेवट उमेदीचा असावा. त्यांनी 'बाकी सगळं आडवं' हे नुकसान वाचलं आणि नुकसान भरून दिलं. फक्त त्यात साडेतीन हजार खोडं परत उभी राहिली आणि पप्पा त्यांच्यात दिसेनासे झाले.

मुलगी माझ्यावर चिडली, सरांवर नाही. "मी तुम्हाला खरं सांगा म्हटलं होतं, दुसऱ्यांना सांगा नाही म्हटलं." बरोबर होतं तिचं. मी माफी मागितली, आणि तेव्हापासून कोणाचीही वही माझ्या टेबलावर असली तर त्यातलं अक्षर टेबलापलीकडे जात नाही.

पण त्या हस्तलिखितामुळेच कविता वडलांपर्यंत पोचली. पालक सभेला गेले होते, भिंतीवर लावलेलं वाचलं, घरी येऊन म्हणाले तू लिहिलंय का. तिने मूळ ओळ वहीतून दाखवली. पुढचं मला तिने जसं सांगितलं तसं सांगते. वडलांनी दोनदा वाचलं, मग म्हणाले, "पण मी उभा नव्हतो. बसलो होतो. बांधावर बसलो होतो, तू शाळेतून आली तेव्हा."

बास. एवढंच म्हणाले आणि मोटर चालू करायला गेले.

ती धावत वाचनालयात. आता तिच्यापुढे नापास-पासपेक्षा मोठाच घोळ होता, की मग माझी ओळ खोटी आहे का? बदलू का? 'पप्पा बसले' करून तिने मोजलं पण होतं. "नऊ होतात मॅडम." (पप्पा हा शब्द गुपचूप आत आला होता, ते मी बोलून दाखवलं नाही.)

माझं मत मी सांगितलं. म्हटलं मला 'उभे' पाहिजे, कारण आडवं च्या समोर उभं आलं की सगळी बाग डोळ्यापुढे येते, बसले म्हटलं की तो ताण जातो. कविता म्हणजे पंचनामा नव्हे, तलाठ्यासारखं जसंच्या तसं लिहायचं बंधन नाही. पण हेही सांगितलं की वडलांनी तुला जे सांगितलं ते काही चूक दुरुस्त करायला सांगितलं असं मला वाटत नाही, ते दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलले. यात काय करायचं ते मला नाही ठरवता येणार, माझ्याकडे याला नियम नाही.

ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. आजोबांनी पेपर घडी करून ठेवला, साडेपाच झाले, मी कुलूप शोधायला लागले तरी बसलेलीच. मग वही घेऊन गेली.

दहा-बारा दिवसांनी आली. नवीन पान, टोपणनाव नाही, समुद्र नाही. साडेतीन हजार हा आकडा होता, चिकाचे डाग आले होते, एकूण चारच कडवी. त्यातलं दुसरं जरा ढिलं आहे, 'निसर्गाचा कोप' नावाची उसनी वस्तू तिथे अजून आहे, नागमोडी रेघ मारली. शेवटचं कडवं असं:

वारा गेला. पप्पा उभे.
बाकी सगळं आडवं.
पप्पा म्हणतात बसले होते.
मला उभे दिसले.

मी समासात टिंब केलं. मग बोटांवर मोजून सांगितलं की शेवटच्या दोन ओळी मापात नाहीत, अकरा आणि सात होतात.

"माहितीये," ती म्हणाली, "मोजलंय मी."